मामा तलावाच्या गावातून गडीसरच्या पाळीवर

आमच्याकडे तलावाला मामा म्हणतात. नात्यातला मामा नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेऊन सरकारी कागदांवर ‘मा. मा. तलाव’ लिहिलं जातं आणि लोकांच्या तोंडी त्याचा मामा तलाव झाला. माझं गाव कोंढा, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं. शेजारच्या कोसऱ्याला जोडून लोक ‘कोंढा-कोसरा’ असंच म्हणतात. या भागात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, धान पिकतं, आणि जिल्ह्याची ओळखच ‘तलावांचा जिल्हा’ अशी आहे.

मागच्या डिसेंबरात मी आणि बायको जैसलमेरला गेलो. तिथं वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आम्ही दोघंही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहोत. लग्नानंतरची ही पहिली मोठी सुट्टी, तीही दोन मॅनेजरांची मनधरणी करून मिळवलेली. बेत नेहमीचाच होता: किल्ला, हवेल्या, उंट, वाळूत सूर्यास्त. पण पहिला अख्खा दिवस पाण्याच्या मागे गेला. हा लेख त्या एका दिवसाच्या निमित्तानं तीन ठिकाणांच्या पाण्याच्या इतिहासाबद्दल आहे. एक जैसलमेर, दुसरं आमचा भंडारा जिल्हा आणि तिसरं बायकोचं माहेर, लातूर.

आधी बादली

जोधपूरहून रात्रीच्या गाडीनं निघालो आणि उजाडायच्या आत जैसलमेरला उतरलो. थंडी एवढी की दोघांनीही जॅकेटवर शाल घेतली होती. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर मी पडदा सारून किल्ला दिसतो का ते बघितलं. बायको थेट बाथरूममध्ये गेली आणि नळाखाली बादली लावली.

“अगं, गिझर आहे. चोवीस तास पाणी आहे असं लिहिलंय.”

“लिहिलंय ना? मग भरून ठेवायला काय जातं?”

ही सवय लातूरची. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं तेव्हा ती तिथंच होती. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. त्या पाणीगाडीसाठीच्या टाक्या वाफेनं धुऊन तयार झाल्या होत्या राजस्थानात, कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात. हे मी तिला तिथंच फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे आम्हाला पाणी पाठवायची तयारी राजस्थाननं केली. आणि आपण इथं वाळवंट बघायला आलोय.”

लातूरला वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरच्या चौपट. तरी रेल्वे लातूरला लागली. दिवसभर आमच्या डोक्यात हाच आकडा फिरत होता.

साडेआठशे वर्षांचं शहर

जैसलमेर ११५६ साली वसलं. भाटी राजपूत रावळ जैसलनं लोद्रवा ही जुनी राजधानी सोडली आणि पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला. सिंध आणि त्यापलीकडून येणारे उंटांचे तांडे इथून जात. त्या व्यापारावर शहर मोठं झालं. पुढे मुंबईसारख्या बंदरांकडे व्यापार वळला, फाळणीनं पश्चिमेचा रस्ताच बंद केला, आणि शहर मागे पडलं. आज दिसतात त्या कोरीव हवेल्या त्या जुन्या व्यापाराच्या पैशांतून उभ्या राहिल्या आहेत.

पण तांड्यांनी तरी इथंच का थांबावं? उंटाला, माणसाला पाणी हवं. नदी नाही. जमिनीखालचं पाणी खूप खोल आणि बऱ्याच ठिकाणी खारं. मग एवढं शहर कशावर जगलं, याचं उत्तर किल्ल्यात नाही. ते शहराच्या कडेला, गडीसर तलावात आहे. नाश्ता करून आम्ही आधी तिकडे गेलो.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पाण्यात पिवळ्या दगडाच्या छत्र्या, काठावर घाट, देवळं. पर्यटक पाव फेकत होते आणि मोठमोठे मासे तोंड वर काढून त्यावर तुटून पडत होते. फोटो काढायला ठिकाण उत्तम. आम्हीही काढले.

तलावाची सुरुवात रावळ जैसलच्या काळातली मानतात. आज दिसतो तो विस्तार चौदाव्या शतकात महारावळ घडसीनं केला आणि त्याच्यावरूनच ‘घडसीसर’, बोलता बोलता ‘गडीसर’. काम चालू असताना तलावाच्या पाळीवरच घडसीचा खून झाला आणि राणी विमलानं सती न जाता तलाव पुरा केला, अशी कथा सांगतात. काठावरच्या मोठ्या दरवाज्याची कथा वेगळी आहे. तो टीलों नावाच्या गणिकेनं बांधला. गणिकेच्या दरवाज्याखालून राजघराण्यानं पाण्याला जायचं कसं, म्हणून तो पाडायचं ठरलं. तिनं तोवर वर देवाची मूर्ती बसवली. देऊळ झाल्यावर पाडणार कोण? दरवाजा उभाच राहिला.

बायकोला ही कथा फार आवडली. मला वाटलं, पाण्याच्या जागेवर आपलं नाव राहावं यासाठी राजापासून गणिकेपर्यंत सगळे धडपडत होते, म्हणजे ती जागा गावात किती मोलाची असेल.

तेच शब्द, तीच रचना

गडीसरच्या पाळीवर उभं राहून मी तलाव वाचायचा प्रयत्न केला. तलावांच्या गावचा माणूस तलावाकडे असंच बघतो. पाणी कुठून येतं, कुठं अडतं, कुठून जातं.

राजस्थानात ज्या जमिनीवरचं पाणी वाहत तलावात येतं तिला आगोर म्हणतात. आमच्याकडे त्याला येवा म्हणतात. तिथली पाल, आमची पाळ. झाडीबोलीत ळचा र होतो, म्हणून गावात ‘पार’. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या जागेवरून निघून जातं, ते तिथलं नेष्टा, आमचं सलंग. आमच्या तलावाला आणखी एक अवयव असतो: तुडुम. पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायचं, बूच लावून बंद करता येणारं तोंड. गडीसर पिण्याचा तलाव, त्याला शेताकडे तोंड असायचं कारणच नव्हतं.

आणखी एक साम्य आहे. गडीसरचं जास्तीचं पाणी वाया जात नसे. ते पुढच्या तलावात, तो भरला की त्याच्या पुढच्यात, अशी साखळी होती. आमच्याकडेही तलाव एकटा नसतो. वरच्या तलावाचं सलंग खालच्या तलावाचा येवा असतो. मधे एखाद्यानं अतिक्रमण करून ओढा बुजवला की खालचे सगळे तलाव उपाशी राहतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजावून सांगायला नको. एका सर्व्हिसचं आउटपुट दुसरीचं इनपुट असतं, आणि मधलीच बंद पडली की सगळ्या टीमला रात्री फोन येतात.

हिशेबही करून बघितला. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं १० लाख लिटर. म्हणजे जैसलमेरच्या तुटपुंज्या पावसातही एका हेक्टर आगोरावर वर्षाला १५-१६ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंच वाळूत जिरतं, उन्हानं उडतं. पण आगोर कित्येक चौरस किलोमीटरचा असेल आणि तो खडकाळ, स्वच्छ ठेवला असेल, तर वर्षातल्या चार-दोन जोरदार सरींत तलाव भरतो. गोम ‘स्वच्छ ठेवला असेल’ या शब्दांत आहे. आगोरात जोडे घालून जायचं नाही, जनावरं न्यायची नाहीत, शौचाला बसायचं नाही, असे नियम होते. तलावातला गाळ काढायला गाव एकत्र जमत असे. या सामूहिक श्रमाला तिकडे ल्हास म्हणतात, आणि गडीसरच्या कामात राजाही उतरत असे. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) आणि ‘राजस्थान की रजत बूँदें’ (१९९५) या दोन पुस्तकांत हे सगळं आलं आहे. हिंदी येत असेल तर जरूर वाचा.

मिश्रांनी तिथल्या लोकांचं पाण्याचं वर्गीकरणही दिलंय. पावसाचं, जमिनीवरून मिळणारं ते पालर पाणी. विहिरीतलं खोल ते पाताळ पाणी. आणि वाळू व पाताळ पाणी यांच्या मधे जिप्समचा थर असतो तिथं अडकलेला ओलावा ते रेजाणी पाणी. हा ओलावा मिळवायला अरुंद कुई खणत. शिवाय शेतीसाठी खडीन होती. उताराच्या खालच्या टोकाला लांब मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जिरलं की त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास ही पद्धत जैसलमेरच्या आसपास रुजवली. ‘भुताचं गाव’ म्हणून ज्याची रील आपण बघतो ते कुलधरा याच पालीवालांचं. भुतांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. वाळवंटात गहू पिकवणारं हे गाव होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

कोहळ्यांचे तलाव

आता भंडाऱ्याकडे येऊ. १,३०० मिलिमीटर पाऊस असताना तलाव हवेत कशाला, असं कुणालाही वाटेल. उत्तर धानात आहे. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. तोवर पाणी भरपूर. पण लोंबी भरायच्या वेळेला, सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात, पाऊस निघून जातो. तेव्हा एक-दोन पाणी मिळालं नाही तर धान पोचट होतं. अख्ख्या वर्षाची मेहनत शेवटच्या पाण्यावर टांगलेली असते. तलाव त्या शेवटच्या पाण्यासाठी आहेत.

ते बांधले कोहळी समाजानं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात कोहळ्यांची ओळखच वैनगंगा खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारे अशी करून दिली आहे. चांद्याच्या गोंड राजानं त्यांना काशीकडून आणलं, अशी त्यांची परंपरागत कथा. गोंड राजांचं धोरण साधं आणि हुशार होतं: जंगल तोडून तलाव बांधा, त्याच्या पाण्यावर भिजेल ती जमीन तुम्हाला. चांद्याचा राजा हिरशहा याच्या नावाशी हे धोरण जोडलं जातं. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात राहणाऱ्यांना तुकूम ही वस्ती माहीत असेल, नावाचं मूळ हे आहे.

यातला सर्वांत प्रसिद्ध तलाव म्हणजे नवेगाव बांध, आता गोंदिया जिल्ह्यात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं तो बांधला असं मानतात. भोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, बांधकामाला त्यांनी मदत केली अशी कथा आहे. कोलू पाटील पुढे कोलासुर या नावानं देव झाला. जैसलमेरात दरवाजा वाचवायला देव बसवला, इकडे तलाव बांधणाराच देव झाला.

१८५४ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या पाटलांना गावाची मालकीच देऊन टाकली. हे मालगुजार. तलावही त्यांच्या नावावर गेले. पण गावाच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून ठेवलेल्या होत्या. कुणाच्या बांधीला कधी पाणी मिळणार, जनावरांना पाणी कुठं, सरपण-चारा कुठून, हे निस्तार हक्क त्यात होते. पाण्याला वेगळा पैसा नव्हता. त्याबदल्यात पाळ दुरुस्त करायची, पाट साफ करायचे, हे काम गावाचं. ढिवर लोक तलावात मासे धरत, शिंगाडा लावत.

१९५० साली मध्य प्रदेशानं मालगुजारी रद्द करणारा कायदा केला. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. ३१ मार्च १९५१ पासून गावं आणि तलाव सरकारचे झाले. ते व्हायलाच हवं होतं. गावाचा मालक एक माणूस असणं ही काही चांगली गोष्ट नव्हती. पण मालकी बदलली तशी कामाची वाटणी बदलली नाही, ती नुसती मोडली. लोक म्हणाले, पाणी आमच्या हक्काचं आहे, कागदात लिहिलंय, आम्ही पाणीपट्टी का भरू? सरकार म्हणालं, पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून? हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, तरी वाद चालूच. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे गेली. येवा महसूल किंवा वन खात्याच्या जमिनीवर. एकाच तलावाला चार धनी, आणि गाळ काढायला एकही नाही. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. त्यांतले कितीतरी गाळानं भरत गेले, बेशरमच्या झुडपांनी काठ खाल्ले, पोटातल्या जमिनीत लोकांनी धान लावलं.

किल्ल्याला पाण्याचीच भीती

दुपारी किल्ल्यावर गेलो. जैसलमेरचा किल्ला राहता आहे, आत घरं, दुकानं, देवळं, हॉटेलं. २०१३ साली राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या यादीत गेला. त्याआधी १९९६ साली तो दुसऱ्याच एका यादीत होता. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जाहीर केलेली, जगभरातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंची यादी. धोका कशाचा? पाण्याचा.

शतकानुशतकं किल्ल्यावर पाणी डोक्यावरून चढत होतं. जे हंडा-घागर भरून वर येतं ते कुणी सांडत नाही. थोडं सांडपाणी उघड्या गटारांतून जायचं आणि उन्हात वाळून जायचं. मग नळ आले, पर्यटन आलं, हॉटेलं झाली, पाण्याचा वापर कितीतरी पटींनी वाढला. जुनी गटारं गळू लागली. पाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरलं, आणि त्यावर उभ्या असलेल्या ९९ बुरुजांपैकी काही ढासळले. वाळवंटातला किल्ला ओलाव्यानं खचू लागला. पुढे दुरुस्त्या झाल्या, गटारांवर काम झालं, अजूनही होतंय.

गल्लीत एका घराच्या पायरीवर बसून मी बायकोला हे सगळं सांगत होतो. माझ्या बोलण्यात जुन्या तलावांचं, ल्हासचं, निस्तार हक्कांचं कौतुक वाढत चाललं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “डोक्यावरून पाणी कोण चढवायचं?”

“म्हणजे बायका. पखाली घेऊन जाणारेही असतील.”

“गडीसरवरून वर किल्ल्यावर, रोज. उन्हाळ्यात सुद्धा. तुमच्या कोंढ्याला तलावाची पाळ बांधायला माती कोणी वाहिली? मालगुजारानं?”

नाही. मालगुजारानं माती वाहिली नाही. वेठ होती, जातीची उतरंड होती. कुणी पाण्याला शिवायचं आणि कुणी नाही, याचेही नियम होते. आगोर स्वच्छ ठेवण्याच्या नियमांइतकेच तेही कडक होते. लातूरच्या त्या उन्हाळ्यात तिनं आणि तिच्या आईनं टँकरच्या रांगेत किती तास घालवले हे तिनं मोजून सांगितलं. “नळ आला म्हणून कुणी रडत असेल तर त्यानं एक महिना हंडा उचलावा,” ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसलेलंच बरं. जुन्या तलावांचं कौतुक करताना हा प्रश्न वगळला की इतिहास सोयीचा होतो.

दोन इंदिरा

मग नळात पाणी आलं कुठून? हा प्रश्न आम्ही जेवताना, केर-सांगरीच्या भाजीसोबत सोडवला. उत्तर आहे पंजाबात. सतलज आणि बियास जिथं मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यातून निघणारा कालवा. बिकानेर संस्थानात काम केलेले अभियंता कंवर सेन यांनी १९४८ साली ही कल्पना मांडली, १९५८ साली काम सुरू झालं, फीडरसह मुख्य कालव्याची लांबी ६४९ किलोमीटर. १९८७ साली पाणी शेवटच्या टोकाला, जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढजवळ पोचलं. आधी त्याचं नाव राजस्थान कालवा होतं, नंतर इंदिरा गांधी कालवा झालं. आज गडीसरमध्येही कालव्याचं पाणी सोडतात. सकाळी आम्ही ज्या पाण्याचे फोटो काढले त्यात आगोराचं पाणी किती आणि हिमालयाचं किती, हे बघून कळणं शक्यच नव्हतं.

आणि आमच्या पवनी तालुक्यात? गोसेखुर्दला वैनगंगेवर मोठं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, पुढे तो हजारो कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. धरणाचं नाव इंदिरा सागर. म्हणजे वाळवंटाला आणि तलावांच्या जिल्ह्याला, दोघांनाही एकच उपाय सुचवला गेला आणि दोन्हीकडे नावही एकच.

दोन्हींनी दिलं ते खरं आहे. कालव्यानं वाळवंटात पिण्याचं पाणी नेलं, शेती नेली. धरणामुळे आमच्याकडे कित्येक शेतांना उन्हाळी पाणी मिळालं. दोन्हींनी घेतलं तेही खरं आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रात बऱ्याच जमिनी पाणथळ झाल्या, तिकडे त्याला ‘सेम’ म्हणतात. जमिनीखालचा जो कठीण थर पूर्वी गोडं पाणी धरून ठेवायचा, त्यानंच जास्तीचं पाणी खाली जाऊ दिलं नाही. गोसेखुर्दमध्ये गावं बुडाली, पुनर्वसनाची भांडणं अजून मिटलेली नाहीत, आणि नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हान-वैनगंगेवाटे त्या जलाशयात येतं.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर असताना बाबांचा फोन आला. मी कॅमेरा फिरवून दिवे लागलेला किल्ला दाखवला, मग सकाळचे गडीसरचे फोटो पाठवले, कालव्याची हकिकत सांगितली. बाबा किल्ल्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, “पानी तं आलं, पन गाळ कोन काढते गा?”

बायको बाजूला बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. दुपारचा तिचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच होता. माती कोणी वाहिली आणि गाळ कोण काढतो.

हिशेब

दिवसाअखेर माझ्यापुरता निष्कर्ष असा. पाऊस किती पडतो यावरून गावाचं नशीब ठरत नाही. तसं असतं तर रेल्वे जैसलमेरला लागली असती, लातूरला नाही. पाणी वापरणारा आणि पाण्याची व्यवस्था सांभाळणारा यांच्यात किती अंतर आहे, यावर बरंच ठरतं. गडीसर आणि मामा तलाव यांच्या काळात हे अंतर एका गावाएवढं होतं. पण त्या छोट्या अंतरातही ओझं खालच्यांच्या डोक्यावर आणि मान वरच्यांना, अशी वाटणी होती. १९५१ नंतर आमच्याकडे आणि नळ आल्यावर जैसलमेरात ओझं बरंच उतरलं. सोबत जबाबदारीही गेली आणि ती कुणाच्याच खात्यावर जमा झाली नाही. गळणारं गटार कुणाचं, गाळ कुणाचा, बुजवलेला ओढा कुणाचा, याला धनी उरला नाही.

आमच्या धंद्यात याला मेंटेनन्स म्हणतात. नवं फीचर काढणाऱ्याचं नाव होतं, जुना कोड सांभाळणाऱ्याचं होत नाही. बजेटही पहिल्याला मिळतं. धरणाची पायाभरणी होते, दगडावर नाव येतं. गाळ काढल्याचा दगड कुठं लागत नाही.

म्हणून मला मामा तलाव परत मालगुजाराच्या काळात न्यायचे नाहीत, आणि नळही बंद करायचे नाहीत. मधला रस्ता आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे काही गावांत ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी, त्यातही बायकांनी, तलावातलं बेशरम उपटून काढलं, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्यामुळे देशी मासे परत आले. हे काम करणाऱ्यांना मासे मिळतात, म्हणून ते टिकतं. ज्याच्या हातात पाळ, त्याच्या हातात फायद्याचा वाटा, आणि सगळ्यांना सारखा हक्क. जुन्या व्यवस्थेतली पहिली गोष्ट आणि नव्या कायद्यातली दुसरी, दोन्ही एकत्र आल्या तर तलाव जगतो.

तुमच्या गावात मामा तलाव असेल, किंवा बारव, बंधारा, पाझर तलाव, काहीही असेल, तर पुढच्या खेपेला गावी गेलात की चार गोष्टी विचारा. यात पाणी कुठून येतं आणि ती वाट अजून मोकळी आहे का. जास्तीचं पाणी जातं कुठं. सातबाऱ्यावर किंवा खात्याच्या कागदावर धनी कोण आहे. आणि शेवटचा गाळ कोणत्या साली, कोणी काढला. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक मिळतील. चौथ्याचं उत्तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाच आठवत असेल, तर कामाला कुठून सुरुवात करायची ते कळलं.